सिस्ट निरुपद्रवी असेल, पण त्रास खरा आहे

पत्र:

ताई, मी ३३ वर्षांची. विट्यात एका पतसंस्थेत कॅशवर बसते. घरी मिस्टर, सासू-सासरे आणि दोन मुली. दिवाळीपासून पहाटे डोकं ठणकतच जाग येते. खोकलं, शिंकलं, फरशी पुसायला वाकलं की कळ वाढते. वाकून उठले की डोळ्यांपुढे दोन-चार सेकंद धूसर होतं, मग परत साफ दिसतं. मध्येच जळक्या रबरासारखा वास येतो, पोटातून काहीतरी वर चढतं आणि त्यापुढचं मला आठवत नाही. थोरली म्हणते, ‘आई, तेव्हा हाक मारली तरी तू बोलत नाहीस, नुसती पदर चोळत बसतेस.’ एमआरआय केला, त्यात डाव्या बाजूला ४.८ सेंटिमीटरची अ‍ॅरॅकनॉइड सिस्ट निघाली. एक डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनची आहे, काही करायचं नाही, टेन्शन कमी करा. दुसरे म्हणाले, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. नणंद सांगते, तिच्या गावात एकाची डोक्यातली गाठ जंताच्या गोळ्यांनी गेली. सासूबाई मला एका देवऋष्याकडे नेऊन आल्या. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, पण आता तेही म्हणतात, ‘डॉक्टर काही नाही म्हणाले ना?’ मेडिकलमधून गोळी आणून दिवस ढकलते. ऑपरेशनची भीती वाटते आणि न करण्याचीही. कुणाचं ऐकू? की हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत?

उत्तर:

आधी एक काम सांगते, बाकीचं त्यानंतर. उद्याच, फार तर परवा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानातली तपासणी नको, नेत्रतज्ज्ञच हवेत. त्यांना सांगा, ‘मेंदूत सिस्ट निघाली आहे, वाकल्यावर काही सेकंद धूसर होतं, आतला पडदा तपासून नसेच्या टोकाला सूज आहे का ते लिहून द्या.’ ते बाहुली मोठी करायचे थेंब घालतील आणि थोड्या वेळाने आत बघतील. त्यानंतर काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून सोबत कुणीतरी असू द्या आणि त्या दिवशी कॅशवर बसू नका. तपासणी काही मिनिटांची, खर्च एमआरआयच्या मानाने किरकोळ. तुमच्या पत्रात दोन डॉक्टर आले, एमआरआय आला, देवऋषीसुद्धा आला, पण ही तपासणी कुठेच दिसली नाही.

ती का हवी ते सांगते. डोळ्याची मुख्य नस मेंदूतूनच निघते आणि मेंदूभोवती जे पाणी असतं तेच तिच्याभोवतीही असतं. कवटीच्या आतला दाब वाढला की त्या नसेचं पुढचं टोक सुजतं, आणि हे टोक डॉक्टरांना बाहुलीतून दिसतं. वाकल्यावर क्षणभर धूसर होणं हे या सुजेचं ओळखीचं लक्षण. सूज निघाली तर तिथून घरी यायचं नाही. त्याच दिवशी मेंदूचं ऑपरेशन करणारे न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं, कारण असा दाब अंगावर काढला तर नजर कायमची अधू होऊ शकते. सूज नसेल तर पुढचे निर्णय शांतपणे घ्यायला वेळ मिळतो.

नवीन वाचकांसाठी सांगायला हवं की मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली आणि तिची बरीच वर्षं मेंदूच्या वॉर्डात गेली. निदान डॉक्टरांनीच करायचं. डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचायचं कसं आणि तिथे गेल्यावर बोलायचं काय, एवढं मला माहीत आहे, आणि तुमचं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

मनाचे खेळ आहेत का, असं विचारलंत. नाहीत. जळका वास, पोटातून वर चढणारी लाट, मग मिनिटभर हरवणं आणि त्या वेळी हात पदराशी चाळा करत राहणं, हे कुणी मुद्दाम करत नाही आणि टेन्शनने असं ठराविक क्रमाने घडतही नाही. फिट म्हटलं की अंग ताठ होणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण अपस्माराचा एक प्रकार असा शांत असतो. कानशिलाच्या आतल्या भागातून तो सुरू होतो. नसलेला वास येतो, पोटात कालवतं, माणूस डोळे उघडे ठेवून हरवतो आणि नंतर थोडा वेळ गोंधळलेला असतो. तुमचं वर्णन याच्याशी इतकं जुळतं की न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे औषधोपचार करणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी, ते तुमच्या तोंडून सविस्तर ऐकायलाच हवं. दोन्ही डॉक्टरांना हे सांगितलं होतंत का? पत्रावरून वाटतं, डोकेदुखी सांगितलीत आणि पदर चोळण्याचं लाजेने राहून गेलं. आमच्या ओपीडीत हे नेहमी व्हायचं. जे सांगायला बायकांना संकोच वाटतो, निदानाची किल्ली त्यातच असते.

पुढच्या वेळी असं झालं तर घरातल्या मोठ्या माणसाने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. हे काम थोरलीवर टाकू नका, तिने फक्त बाबांना किंवा आजोबांना हाक मारायची. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून न्यूरोलॉजिस्टना जे कळतं ते आपल्या तासभराच्या वर्णनातून कळत नाही. ते ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, करायला सांगतील. त्या दिवशी केस धुऊन जा, तेल लावू नका, आणि आदल्या रात्री कमी झोपायला सांगितलं असेल तर ते पाळा. ईईजी नॉर्मल आला तरी त्रास खोटा ठरत नाही. तपासणीच्या तेवढ्या वेळात मेंदू शांत होता, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना हे माहीत असतं, घरच्यांना नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता सिस्टकडे येऊ. मेंदूवर तीन आवरणं असतात. मधल्याचं नाव अ‍ॅरॅकनॉइड. गर्भात ते तयार होताना काही जणांमध्ये त्याचे पदर सुटतात आणि मध्ये मेंदूतलंच नितळ पाणी साठतं. हा कॅन्सर नव्हे, आणि तो पुढे कॅन्सर होत नाही. मोठ्या माणसांचे एमआरआय काढले तर शंभरात साधारण एखाद-दुसऱ्याच्या डोक्यात अशी सिस्ट निघते. सगळ्यात जास्त ती कानशिलाच्या आतच असते, तुमची आहे तशी डाव्या बाजूला. बहुतेकांना ती जन्मभर कळतही नाही आणि मोठ्या वयात ती सहसा वाढत नाही. तुमच्या रिपोर्टवर ‘गॅलासी’ असा शब्द आणि पुढे १, २ किंवा ३ आकडा असेल. १९८२ मध्ये इटलीतल्या गॅलासी यांनी या जागच्या सिस्टचे तीन प्रकार पाडले, लहान, मधली आणि मेंदूला बाजूला सारणारी मोठी. शेजारी ‘मिडलाइन शिफ्ट’ आणि ‘व्हेंट्रिकल्स’ हे शब्दही शोधा. मेंदूची मधली रेघ सरकली आहे का, आणि आतले पाण्याचे कप्पे फुगले आहेत का, हे त्यातून कळतं. नुसत्या सेंटिमीटरपेक्षा या दोन गोष्टींना वजन जास्त.

म्हणजे पहिले डॉक्टर सिस्टबद्दल बोलले ते बहुधा बरोबरच होतं. पण सिस्ट निरुपद्रवी आहे म्हणून माणसाला काही झालेलंच नाही, हे कुठून निघालं? एमआरआय सिस्ट दाखवतो. पहाटेची डोकेदुखी, डोळ्यांपुढचं धूसर होणं आणि हरवणारं मिनिट तो दाखवत नाही. त्यांचं कारण सिस्ट असेल किंवा नसेल, पण कारण शोधायलाच हवं. दुसऱ्या डॉक्टरांनी उलट सगळा दोष सिस्टवर टाकला. कदाचित तेही बरोबर ठरतील. पण डोळ्याचा पडदा बघितल्याशिवाय आणि ईईजी केल्याशिवाय आठवड्यात ऑपरेशन म्हणजे घाई झाली. सिस्ट डाव्या बाजूला आणि झटक्याचा उगम मेंदूत भलत्याच ठिकाणी, असंही आढळतं. तसं असेल तर सिस्ट रिकामी करूनही झटके थांबणार नाहीत.

शक्यता किती आहेत बघा. सिस्टचा दाब असू शकतो. सिस्ट नुसती साक्षीला उभी आहे आणि दाब वेगळ्याच कारणाने वाढलाय, असंही असू शकतं. तुमच्या वयाच्या बायकांमध्ये, विशेषतः अलीकडे वजन वाढलं असेल तर, कुठलीही गाठ नसताना कवटीतला दाब वाढण्याचा एक आजार असतो आणि त्यावर औषधं आहेत. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली तरी अशीच डोकेदुखी होते, झटकेही येतात. इथे एक प्रश्न विचारते, मनात काही ठेवू नका. गणपतीला, एखाद्या लग्नाला, पूजेला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? हार्मोनच्या गोळ्यांनी अशा गुठळीचा धोका वाढतो. ‘ती काय औषधं आहेत होय,’ म्हणून हे सांगायचं राहून जातं. डॉक्टरांना नक्की सांगा, म्हणजे शिरांचा वेगळा एमआरआय काढायचा की नाही ते ठरवतील.

शिवाय मेडिकलमधली रोजची गोळी. डोकेदुखीची साधी गोळी महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा त्याहून जास्त दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर चालली तर गोळीमुळेच डोकं दुखू लागू शकतं. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. तुमचं तसंच झालंय असं मी म्हणत नाही. पण खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. नाव आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

नणंदेच्या गावच्या माणसाची गोष्ट खोटी नसेल. डुकरातल्या टेपवर्म जंताची अंडी पोटात गेली की त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात, त्याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. आपल्या देशात फिट येण्याचं ते एक मोठं कारण आहे. अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत, हातांवर येतात, म्हणून माळकरी घरातल्या माणसालाही हा आजार होतो. त्यावर अल्बेंडाझोल देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बरोबर सूज कमी करणारं औषध देऊन आणि डोळ्यात तसली गाठ नाही ना हे बघून. तुमच्या सिस्टमध्ये जंत नाही, नुसतं पाणी आहे. तिला जंताच्या गोळीचा काडीचा उपयोग नाही.

ज्यांच्या घरी मेंदूतल्या सिस्टचा वेगळा रिपोर्ट आहे त्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. मेंदूच्या मधोमध तिसऱ्या कप्प्यात होणारी कोलॉइड सिस्ट आकाराने लहान असली तरी पाण्याची वाट अचानक अडवू शकते आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. एपिडर्मॉइड नावाची गाठ साध्या एमआरआयमध्ये पाण्यासारखीच दिसते. ती वेगळी ओळखायला डिफ्युजन नावाच्या प्रतिमा लागतात. सिस्टचं पूर्ण नाव आणि जागा कळल्याशिवाय शेजाऱ्याच्या अनुभवावरून काही ठरवू नका.

आता भेटीची तयारी. आधी न्यूरोलॉजिस्ट आणि मग त्यांच्याच सल्ल्याने न्यूरोसर्जन. दोघे एकाच रुग्णालयात असतील आणि एकमेकांशी बोलत असतील तर फार उत्तम. तुम्हाला मिरज जवळ आहे, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कोल्हापूरचं सीपीआर आहे, पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम. न्यूरो विभाग कुठल्या वारी असतो ते आधी फोन करून विचारा. मोठाच पेच पडला आणि दुसरं मत हवं असलं तर बंगळुरूचं निम्हान्स हे मेंदू आणि मनाच्या आजारांसाठीचं देशपातळीवरचं केंद्र आहे, मिरजेहून गाडीने जाता येतं. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. ‘ऑपरेशनचा निर्णय आहे, एकदा दुसरीकडे दाखवून येतो’ असं सरळ सांगा, चांगले डॉक्टर स्वतःच पत्र देतात.

ओपीडीत वेळ कमी मिळतो, हे मी रोज बघितलंय. बाई आत येते, फिल्मचं पाकीट पुढे करते, डॉक्टर फिल्म उजेडाला धरतात, आणि तिला जे सांगायचं होतं ते तिच्या ओठांवरच राहतं. म्हणून पाकीट लगेच पुढे करू नका. आधी बोला. एका कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा, लाजायचं काही कारण नाही. साधारण असं लिहा: ‘मला तीन वेगळे त्रास आहेत. एक, दिवाळीपासून पहाटेची डोकेदुखी, खोकल्यावर आणि वाकल्यावर वाढते. दोन, वाकल्यावर काही सेकंद धूसर, डोळ्यांचा रिपोर्ट सोबत आहे. तीन, जळका वास येऊन मी मिनिटभर हरवते, महिन्यात इतक्या वेळा, व्हिडिओ आहे. या तिन्हींपैकी कशाचा सिस्टशी संबंध आहे आणि कशाचा नाही, हे मला समजून घ्यायचं आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ‘सिस्टचं काय करायचं?’ एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळतं.

‘महिन्यात इतक्या वेळा’ हा आकडा काढायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. दुधाचा हिशेब ज्या चौकटीत लिहिता त्याच चौकटीत डोकं दुखलं तर ‘डो’, धूसर झालं तर ‘धू’, हरवलं तर ‘ह’ आणि गोळी घेतली तर ‘गो’. पाळीच्या तारखांवर खूण असतेच. दीड-दोन महिन्यांची पानं फाडून सोबत न्या. झटके पाळीच्या आसपास वाढतात का, संकष्टीच्या किंवा एकादशीच्या उपवासाने डोकं चढतं का, हे त्या पानांवर आपोआप दिसतं. सध्या उपवास थांबवा. पोट रिकामं ठेवणं आणि झोप मोडणं या दोन्ही गोष्टी अर्धशिशीला आणि झटक्याला आमंत्रण देतात. मार्चअखेरीला पतसंस्थेत उशिरापर्यंत थांबणं यंदा जमणार नाही, हे साहेबांना आताच सांगून ठेवा.

ऑपरेशनची वेळ आलीच तर त्याचे तीन मार्ग असतात. एका लहान छिद्रातून दुर्बीण घालून सिस्टच्या भिंतीला खिडकी करतात, म्हणजे कोंडलेलं पाणी नेहमीच्या वाटेला लागतं. किंवा कवटीचा छोटा तुकडा उघडून सूक्ष्मदर्शकाखाली हेच करतात. किंवा शंट बसवतात, म्हणजे त्वचेखालून एक बारीक नळी सिस्टमधून पोटात सोडतात. शंट पटकन काम करतो, पण नळी बुजू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो, पुन्हा ऑपरेशन लागू शकतं आणि काही रुग्णांचं पुढे नळीवाचून भागत नाही. म्हणून जिथे खिडकी करून भागतं तिथे बरेच सर्जन आधी तो मार्ग बघतात. तिन्हींमध्ये रक्तस्राव, संसर्ग, पाणी झिरपणं हे धोके थोडेफार असतातच.

सर्जनना धीटपणे विचारा: या ऑपरेशनने माझ्या तीन त्रासांपैकी कोणता कमी होईल असं तुम्हाला वाटतं? कोणता तसाच राहील? तीन महिने थांबून पुन्हा एमआरआय केला तर काय बिघडेल? तुम्ही अशी ऑपरेशनं किती करता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नुसतं ‘सिस्ट लहान होईल’ असं आलं तर पुन्हा विचारा, कारण ऑपरेशन त्रासासाठी करायचं असतं, फिल्मसाठी नाही. काहींची सिस्ट ऑपरेशननंतर फिल्मवर जवळपास तेवढीच दिसते आणि डोकेदुखी मात्र जाते. काहींचं नेमकं उलटं होतं. वॉर्डात मी दोन्ही तऱ्हेची माणसं बघितली आहेत, आणि दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाचा हिरमोड बघवत नाही. मात्र डोळ्याच्या नसेला सूज असेल, पाण्याचे कप्पे फुगले असतील किंवा सिस्टच्या बाजूने रक्त साकळलं असेल तर तीन महिने थांबण्याचा विषयच नाही. तेव्हा भीती वाटली तरी होकार द्या.

झटक्यांवर गोळ्या सुरू झाल्या तर त्या मनाने बंद करायच्या नाहीत. बरं वाटलं म्हणून अचानक सोडल्या तर मोठा झटका येऊ शकतो. गोळी लिहून देताना डॉक्टरांना सांगा की तुम्ही ३३ वर्षांच्या आहात आणि पुन्हा दिवस राहण्याची शक्यता आहे की नाही. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध गर्भासाठी धोक्याचं आहे, त्याऐवजी दुसरी औषधं असतात.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात त्या टेबलाकडे जा, तुमचं ऑपरेशन यादीत आहे का ते त्यांच्याकडून आधीच कळतं. पैसे भरून मागाहून योजनेत नाव घालू, असं करू नका. हे काम भरती होतानाच करायचं असतं. ओपीडीतल्या तपासण्या साधारण योजनेत बसत नाहीत, पण सरकारी रुग्णालयात एमआरआय बाहेरच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव ठेवायचं बंधन आहे, त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. आणि कागदपत्रं तुमची आहेत. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. फिल्मबरोबर एमआरआयची सीडी मागून घ्या. दुसरे डॉक्टर सगळ्या प्रतिमा त्यातच नीट बघू शकतात, आणि त्याच तपासणीचा खर्च पुन्हा करायची वेळ सहसा येत नाही.

घरात काही गोष्टी आजपासून बदला. स्कूटी चालवू नका, डॉक्टर हो म्हणेपर्यंत अजिबात नाही. न्हाणीघराची कडी आतून लावू नका. गॅसपाशी एकट्या असताना उकळतं तेल, मोठी पातेली नकोत. विहिरीवर, कालव्यावर एकटीने जाऊ नका. डोक्याला मार लागला तर तो साधा समजू नका. अशी सिस्ट असलेल्या माणसाला किरकोळ आपटण्यानेही आवरणाखाली हळूहळू रक्त साकळू शकतं आणि ते काही आठवड्यांनी वाढत्या डोकेदुखीने कळतं. अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, उलट्या होऊन गुंगी आली, एक बाजू लुळी पडली, दोन-दोन दिसू लागलं किंवा झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करायचा. मोठी फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि वेळ बघायची. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाला लावायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या काळजीपोटी घेऊन गेल्या. पण देवऋषी उपास सांगत असेल, धुरी देत असेल, मारहाण करत असेल किंवा गोळ्या बंद करायला लावत असेल तर तिथे ठाम नकार द्या. अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. सासूबाईंना न्यूरोलॉजिस्टकडे सोबत घेऊन जा. सुनेचा हरवल्याचा व्हिडिओ डॉक्टर बघतात आणि त्याला नाव देतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर घरातलं बोलणं बदलतं. आमच्याकडे तसं पुष्कळदा झालं.

शेवटी हा मजकूर तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या, त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. दादा, ‘डॉक्टर काही नाही म्हणाले’ हे सिस्टपुरतं होतं. तुमची बायको आठ-आठ तास दुसऱ्यांचे पैसे मोजते, घर बघते आणि रोज पहाटे डोकं धरून उठते. ती खोटं बोलत नाही, उलट कमीच सांगते. पुढच्या तपासणीला केबिनच्या बाहेर बाकावर बसू नका, तिच्याबरोबर आत जा. झटक्याच्या वेळी तिचे डोळे कुठे वळतात, कुठला हात हलतो, किती वेळाने ती तुम्हाला ओळखते, नंतर शब्द सापडायला अडखळते का, हे तिला स्वतःला माहीत नाही. ते तुम्ही बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. रजा लागणार आहे, अर्ज आजच टाका.